दक्षिणी ढगांचे बीज : अस्सल कागद काय सांगतात

दक्षिण गोलार्धात चाळिसाव्या अक्षांशाच्या खाली जमीन विरळ होत जाते आणि साठाव्या अक्षांशावर तर पृथ्वीला अखंड वळसा घालणारे पाणीच पाणी आहे. त्या पाण्यावर वर्षाचा बहुतेक काळ ढगांचे छत असते. तिथे कारखाना नाही, नांगरलेले शेत नाही, पेटलेले रान नाही. तरीही ढगाचा थेंब धरायला कण लागतोच. निव्वळ वाफेपासून थेंब बांधायचा तर आर्द्रता कित्येकशे टक्क्यांवर न्यावी लागेल, आणि वातावरणात ती शंभराच्या किंचितच पुढे जाते. म्हणजे तिथल्या प्रत्येक थेंबाच्या पोटात कुठून तरी आलेला एक कण असतो. तो कुठून येतो, याचा शोध शंभरहून अधिक वर्षे चालू आहे.

या शोधाची एक ठरून गेलेली गोष्ट आहे. जेम्स लव्हलॉक हे इंग्रज शास्त्रज्ञ जहाजातून अंटार्क्टिकाला गेले. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती गंधकाचा एक वायू सोडतात आणि त्यातून ढगांची बीजे तयार होतात, असे त्यांना आढळले. पुढे १९८७ साली चौघा शास्त्रज्ञांनी सांगितले की ही सजीवसृष्टीने पृथ्वीला लावलेली तापनियंत्रक व्यवस्था आहे. आणि २०११ साली ती खोटी ठरली. चार वाक्यांत उदय, वैभव आणि अस्त. बखरीत शोभेल अशी ही मांडणी आहे. मूळ निबंध एकापुढे एक लावून वाचले की मात्र तिच्यातले एकही वाक्य जसेच्या तसे टिकत नाही. म्हणून इथे पद्धत अशी ठेवली आहे की ज्या वर्षीचा कागद, त्याला त्या वर्षीचेच बोलू द्यायचे. पुढच्याने मागच्याच्या तोंडी घातलेले शब्द बाजूला काढायचे.

सुरुवात लव्हलॉकपासून होत नाही. थेंबाला कण लागतो हे फ्रान्समध्ये कुलिए यांनी १८७५ साली प्रयोगाने दाखवले होते आणि स्कॉटलंडच्या जॉन एटकेन यांनी १८८०-८१ मध्ये ते स्वतंत्रपणे मांडले. एटकेन यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस कण मोजायचे यंत्रही बनवले. एका बंद डबीत ओलसर हवा घ्यायची, पंपाने ती एकदम विरळ करायची. हवा गार पडते, प्रत्येक कणावर पाणी धरते आणि थेंब खालच्या चौकटी आखलेल्या काचेवर पडतात. भिंगातून चौकटीतले थेंब मोजले की कण मोजले. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हवेतले कण असे मोजता आले. याच एटकेन यांना १९११ च्या सुमारास स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर कणांची संख्या अवाच्या सवा वाढलेली आढळली आणि किनाऱ्यावरून निघणाऱ्या कोणत्या तरी वायूंपासून हे कण हवेतच तयार होत असावेत, असा संशय त्यांनी नोंदवला. त्या संशयाकडे पुढे यायचे आहे.

दुसरा धागा शेवाळाच्या वासाचा. १९३५ साली हास यांनी बायोकेमिकल जर्नलमध्ये एका लाल समुद्रशैवालातून डायमिथिल सल्फाइड हा वायू बाहेर पडतो असे लिहिले. १९४८ मध्ये लीड्सचे फ्रेडरिक चॅलेंजर आणि त्यांच्या सहकारी सिम्पसन यांनी त्याच शैवालातून या वायूचे मूळ द्रव्य वेगळे काढले. खाऱ्या पाण्यात पेशीतले पाणी राखण्यासाठी आणि गारठ्यात तग धरण्यासाठी अनेक समुद्री वनस्पती हे द्रव्य साठवतात. पेशी फुटली किंवा कोणी खाल्ली की ते पाण्यात उतरते आणि जिवाणू त्याचा वायू करतात. हास आणि चॅलेंजर दोघांचेही लक्ष रसायनावर होते. हवामान त्यांच्या निबंधांत कुठेच नाही.

आता १९७२. नेचरच्या २३ जूनच्या अंकातला लव्हलॉक, मॅग्ज आणि रासमुसेन यांचा निबंध जेमतेम दोन पानांचा आहे, आणि नंतरच्या सगळ्या गोष्टींचे वजन त्याच्यावर टाकले जाते. त्याचा विषय मात्र ढग नाही. विषय आहे गंधकाचा जमाखर्च. नद्या जमिनीवरचे गंधक समुद्रात वाहून नेतात. ते परत जमिनीवर कोणत्या रूपात येते, हा तेव्हाचा प्रश्न होता. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हे काम करत असेल असे धरून चालत. पण प्राणवायूने भरलेल्या समुद्राच्या वरच्या थरात तो टिकत नाही. निबंध म्हणतो की ते काम डायमिथिल सल्फाइड करत असावा. बस, एवढेच. तापमान नाही, ढगांची शुभ्रता नाही, नियंत्रण नाही.

प्रवासाच्या नोंदींतही गोष्ट आणि कागद यांत अंतर आहे. शॅकल्टन हे संशोधन जहाज १९७१ च्या अखेरीस वेल्समधल्या बॅरी बंदरातून निघाले. अनुदानाचा अर्ज फेटाळला गेला होता. लव्हलॉक यांनी उपकरण स्वतःच बनवून जहाजावर चढवले होते. पण लव्हलॉक यांच्याच आत्मचरित्राप्रमाणे ते माँटेव्हिडिओला उतरले आणि पुढे अंटार्क्टिकाच्या पाण्यातली मोजणी रॉजर वेड यांनी केली. १९७३ साली नेचरमध्ये आलेल्या, याच प्रवासातल्या दुसऱ्या निबंधावर वेड यांचे नाव तिसरे आहे. त्या निबंधात शीतकांमधली क्लोरीनयुक्त संयुगे भर समुद्रातही सर्वत्र सापडल्याची नोंद आहे, आणि ओझोनच्या पुढच्या सगळ्या इतिहासाला त्याने चालना दिली. त्या काळी प्रवासाचे मोठे फळ हेच मानले गेले. डायमिथिल सल्फाइड ही जोडपिकासारखी निघालेली नोंद होती. पण दक्षिणेकडच्या अर्ध्या वाटेवर पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्या वेड यांचे नाव गोष्टीतून गळावे याची खंत वाटते.

या नोंदीचे काय झाले? १९७४ साली लिस आणि स्लेटर यांनी तिच्या आधारे समुद्रातून हवेत जाणाऱ्या वायूचा हिशेब मांडला, तो अगदी लहान निघाला. १९७८ मध्ये न्गुयेन आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी या वायूच्या वाट्याचा फेरविचार केला. १९८३ साली आंद्रेया आणि रेमडोंक यांनी अनेक समुद्रांतली मोजमापे एकत्र आणली, तेव्हा हा वायू सगळ्या समुद्रांत आहे आणि भरपूर आहे, हे पक्के झाले. २०११ चा सर्वमान्य अंदाज वर्षाला सुमारे २.८ कोटी टन गंधकाचा आहे. निसर्गातून हवेत जाणाऱ्या गंधकात ज्वालामुखींपेक्षाही याचा वाटा मोठा.

गंधकाला हवामानाशी पहिल्यांदा उघडपणे जोडले ते अलास्का विद्यापीठाच्या ग्लेन शॉ यांनी, १९८३ मध्ये, क्लायमॅटिक चेंज या नियतकालिकात. शॉ ध्रुवीय हवेतल्या धूसरपणाचे अभ्यासक. सजीवांनी सोडलेल्या गंधकाचे कण सूर्यप्रकाश परत फेकतात आणि त्यातून पृथ्वीचे तापमान सावरले जात असावे, अशी त्यांची कल्पना. कणांनी थेट प्रकाश अडवायचा, ढग मध्ये नाहीत. चार वर्षांनी जे गाजले त्याचा निम्मा सांगाडा इथे उभा आहे, आणि शॉ यांचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

उरलेला निम्मा भाग शॉन ट्वोमी यांचा. आयर्लंडमध्ये वाढलेल्या आणि ऑस्ट्रेलियात बरीच वर्षे काम केलेल्या ट्वोमी यांनी १९७४ मध्ये दाखवले की ढगात पाणी तेवढेच ठेवले आणि कण वाढवले तर थेंब लहान पण संख्येने जास्त होतात, आणि ढग अधिक शुभ्र दिसतो. ते बोलत होते माणसाने केलेल्या प्रदूषणाबद्दल.

१६ एप्रिल १९८७ च्या नेचरमधला चार्लसन, लव्हलॉक, आंद्रेया आणि वॉरन यांचा निबंध या सगळ्यांना एकत्र बांधतो. चौघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तो ‘क्लॉ’ म्हणून ओळखला जातो. वनस्पतिप्लवक, म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती, वायू सोडतात, वायूचे गंधकाम्ल होते, त्याचे कण होतात, कणांवर ढगाचे थेंब धरतात. थेंब वाढले की ढग जास्त प्रकाश परतवतो, समुद्र गार पडतो, आणि त्याचा परिणाम पुन्हा प्लवकांवर होतो. साखळीच्या शेवटच्या कडीवर निबंधाने प्रश्नचिन्हच ठेवले आहे. गारव्याने प्लवक वायू कमी सोडतील की जास्त, याची खात्री लेखकांना नव्हती. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्याने होणारी तापवाढ भरून काढायला ढगबीजे साधारण दुप्पट व्हावी लागतील, हा त्यांचा हिशेब आहे. पण ती होतील, असे ते म्हणत नाहीत.

आणखी एक गोष्ट. आज ही सगळी कथा ध्रुवाजवळच्या समुद्रांची म्हणून सांगितली जाते. १९८७ च्या निबंधात मात्र वायूचे सर्वाधिक उत्सर्जन सर्वांत उबदार, सर्वांत खाऱ्या आणि सर्वाधिक ऊन लागणाऱ्या समुद्रांतून होते, असे लिहिले आहे. तेव्हाचा पुरावा तसाच होता. वितळत्या बर्फाच्या कडेला उन्हाळ्यात फिओसिस्टिससारखे प्लवक फुलतात आणि त्या काही आठवड्यांत वायूचे लोटच्या लोट निघतात, हे चित्र नंतरच्या सफरींनी भरले. कथेचा मुक्काम उष्ण कटिबंधातून ध्रुवाकडे नंतर हलला, आणि हलवणाऱ्यांपैकी कोणीही मूळ निबंधाचे लेखक असायची गरज नव्हती.

आता बर्फाचे दप्तर उघडू, कारण दस्तऐवज वाचताना काय काय फसवते याचा इतका चांगला नमुना दुसरा नाही. अंटार्क्टिकाच्या पठारावर रशियनांचे वोस्तोक ठाणे आहे. तिथे वर्षाला पडणारा बर्फ पाण्याच्या मापाने जेमतेम दोन सेंटिमीटर. तिथे खोदलेल्या दोन किलोमीटरहून लांब बर्फाच्या गाभ्यात सुमारे १,६०,००० वर्षे थरांत लागलेली आहेत. १९८८ साली ग्रनोबलचे लग्राँ आणि देल्मा यांनी त्यातल्या सल्फेटचे आकडे छापले. त्या निबंधाचे तिसरे लेखक होते रॉबर्ट चार्लसन, म्हणजे आदल्या वर्षीच्या निबंधाचे पहिलेच नाव. आकडे सांगत होते की हिमयुगात गंधक कमी नव्हते, जास्त होते. म्हणजे थंडीत कण जास्त, ढग जास्त शुभ्र, थंडी आणखी जास्त. ही सावरणारी यंत्रणा नव्हे, ढकलणारी झाली. १९९१ मध्ये लग्राँ यांनी मिथेन सल्फॉनिक आम्लाचे आकडे दिले. सल्फेट ज्वालामुखीतूनही येते, हे आम्ल मात्र केवळ डायमिथिल सल्फाइडपासूनच बनते. प्लवकांची खूणच म्हणा. तेही हिमयुगाच्या थरांत जास्त निघाले. आपल्याच मांडणीला छेद देणाऱ्या पुराव्यावर चार्लसन यांनी पुढच्याच वर्षी सही केली, याचे मोल फार आहे.

पण प्रकरण इथे थांबत नाही. हिमयुगात वोस्तोकवर बर्फ आजच्या जवळजवळ निम्माच पडे. हवेतून तेवढेच गंधक खाली आले तरी कमी बर्फात ते दाट दिसणार. आकडा कशाचा वाचायचा, बर्फातल्या प्रमाणाचा की दरवर्षी खाली आलेल्या एकूण गंधकाचा, यावर निष्कर्ष उलटतो. दुसरी अडचण त्याहून खोल. १९९९ साली वान्यों, देल्मा आणि लग्राँ यांनी वोस्तोकच्या वरच्या काही मीटरांतल्या थरांची तपासणी करून दाखवले की उडून जाणारी आम्ले बर्फात टिकत नाहीत. थर हळूहळू दबत असताना, त्यावर पुरेसा बर्फ चढायच्या आत, त्यातले मिथेन सल्फॉनिक आम्ल हवेत परत जाते. हिमयुगात वाऱ्यावर येणारी धूळ पुष्कळ होती; तिच्यातल्या क्षारांशी बांधले गेलेले आम्ल टिकले. उबदार काळात धूळ नाही, आम्ल मोकळे, म्हणून उडाले. दप्तराने एका काळाचे कागद राखले आणि दुसऱ्या काळाचे घालवले. वाचणाऱ्याला वाटले, पहिल्या काळी लिहिणारे जास्त होते.

२००६ मध्ये वोल्फ आणि युरोपीय सहकाऱ्यांनी त्याच पठारावरच्या डोम सी इथल्या ७,४०,००० वर्षांच्या गाभ्यातून खाली येणाऱ्या एकूण सल्फेटचा हिशेब मांडला. आठ हिमचक्रांत तो जवळजवळ सारखाच राहिला होता. गंधकाने सावरले नाही आणि ढकललेही नाही. निदान अंटार्क्टिकाच्या पठारापर्यंत जेवढे पोचले त्यात तरी तसे दिसत नाही.

बर्फाने न दिलेले उत्तर एका कड्यावरच्या वाऱ्याने दिले. टास्मानियाच्या वायव्य टोकाला केप ग्रिम आहे. १९७६ साली तिथे मोजणी सुरू झाली ती नासाच्या अपोलो मोहिमांत वापरलेल्या एका फिरत्या गाडीत. पक्की इमारत नंतरची. जागा निवडली ती वाऱ्यासाठी. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या हवेने हजारो किलोमीटरांत जमीन पाहिलेली नसते. म्हणून नियम केला आहे : वारा दक्षिण ते पश्चिम या ठराविक पट्ट्यातून येत असेल तेव्हाच्याच नोंदी ‘मूळ हवे’च्या धरायच्या, मेलबर्नकडून वारा फिरला की त्या वेळचे आकडे वेगळे ठेवायचे. आत दोन ओल्या पाट्यांमधल्या बारीक फटीत हवा घेतात. पाट्यांची तापमाने वेगळी ठेवून आर्द्रता शंभरच्या अर्धा टक्का पुढे नेतात. ढगात साधारण तेवढीच असते. जो कण तेवढ्यात थेंब धरतो तो ढगबीज. थेंब प्रकाशात मोजतात. शेजारी गाळणकागदावर हवेतले कण गोळा होतात आणि त्यातले मिथेन सल्फॉनिक आम्ल तपासले जाते. एटकेन यांच्या डबीचीच ही पुढची पिढी.

हे काम चार दिवस नव्हे, वर्षानुवर्षे चालले. १९९१ मध्ये ग्रेग एयर्स आणि जॉन ग्रास यांनी नेचरमध्ये दोन्ही नोंदी एकावर एक ठेवल्या. दक्षिणेच्या उन्हाळ्यात आम्ल वाढते, त्याच वेळी ढगबीजे वाढतात. हिवाळ्यात दोन्ही उतरतात. उन्हाळ्यातली ढगबीजे हिवाळ्याच्या साधारण दोन ते तीन पट. १९९४ मध्ये बूर्स यांच्यासह त्यांनी उपग्रहावरून दिसणारी ढगांची प्रकाशीय जाडी याच तालावर चढते-उतरते, हेही दाखवले. प्लवक, कण आणि ढग यांची सांगड निर्मळ हवेत इतकी नीट याआधी कुणी दाखवली नव्हती. पण हा ऋतूचा पुरावा आहे. उन्हाळ्यात सूर्यच जास्त असतो. प्लवकही वाढतात, वायूचे आम्ल होण्याचा वेगही वाढतो. समुद्र तापला म्हणून वायू वाढला आणि त्याने समुद्र पुन्हा गार केला, ही परतीची कडी एयर्स आणि ग्रास यांनी सिद्ध झाल्याचे म्हटलेले नाही. इतरांनी ते त्यांच्या नावावर मांडले.

२०११ चा निबंध पॅट्रिशिया क्विन आणि टिमोथी बेट्स यांचा. यातले बेट्स हे १९८७ साली चार्लसन यांच्यासह, क्लॉ नंतर काही महिन्यांतच, गंधकाच्या हवामानातल्या भूमिकेला दुजोरा देणारा निबंध लिहिणारे. चोवीस वर्षे जहाजांवर मोजणी केल्यावर त्यांचे म्हणणे असे की समुद्रावरची ढगबीजे एकट्या गंधकाची नाहीत : लाटांच्या फुटणाऱ्या बुडबुड्यांतून उडणारे मीठ आहे, पाण्याच्या वरच्या पापुद्र्यातले सेंद्रिय द्रव्य आहे, गंधकापासून नवे कण होतात ते बहुतेक समुद्रालगत नव्हे, वरच्या हवेत, आणि तिथून दूरवर वाहून खाली येतात. वायू थोडा वाढला म्हणून त्याच जागी ढगबीजे त्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून तापनियंत्रकाची कल्पना आता निवृत्त करावी. समुद्री गंधकापासून ढगबीजे होत नाहीत, असे या निबंधात कुठेही नाही. नंतरच्या वाचकांनी दोन्ही गोष्टी एकत्र पुरल्या.

उलट २०१५ साली मॅककॉय आणि सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून दाखवले की दक्षिणी महासागरावरच्या थेंबसंख्येतला निम्म्याहून अधिक फरक नैसर्गिक सल्फेट आणि सागरी फवाऱ्यातल्या सेंद्रिय द्रव्यामुळे समजावता येतो, आणि प्लवकांनी भरलेल्या पट्ट्यात उन्हाळ्यात त्यामुळे प्रत्येक चौरस मीटरमागे दहा वॅटहून जास्त प्रकाश परत जातो. चौघांची साखळी अर्धी टिकली आहे आणि ती अर्धी भक्कम आहे, हे माझे मत या कागदांवरून झाले आहे.

उत्तरेकडे आर्क्टिकमध्ये चित्र वेगळे. ओडन आणि पोलरस्टर्न ही जहाजे ७ सप्टेंबर १९९१ ला उत्तर ध्रुवावर पोचली, त्या वर्षापासून स्टॉकहोमच्या कॅरोलिन लेक यांनी ओडनवर उन्हाळी मोहिमा केल्या. बर्फाच्या फटींतल्या पाण्यावरच्या सेंद्रिय पापुद्र्यातून कण निघतात, हे त्यांनी आणि ऑस्ट्रेलियाच्या कीथ बिग यांनी पुढे मांडले. २००८ च्या मोहिमेत तर कधी कधी एका घनसेंटिमीटर हवेत एकही ढगबीज मिळाले नाही. ढग धरायला पाणी आहे, कणच नाही, अशी अवस्था. २०२० मध्ये बाकारिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे आयोडीनपासून नवे कण होताना पाहिले. किनाऱ्यावरच्या आयोडीनचे काम २००२ साली आयर्लंडच्या मेस हेडला ओ’डाउड यांनी दाखवले होते, आणि त्यांनी आपल्या निबंधांत १९११ च्या एटकेन यांचे नाव घेतले. एटकेन यांच्या संशयाला नव्वद वर्षांनी पत्ता मिळाला.

या कामात आपली माणसेही आहेत. १९९७ च्या अंटार्क्टिक उन्हाळ्यात, सोळाव्या भारतीय मोहिमेत, मैत्री ठाण्यावर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सूक्ष्म कणांची मोजणी केली, सी. जी. देशपांडे आणि ए. के. कामरा यांचा त्यावरचा निबंध २००४ मध्ये आला. त्याच वर्षी गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राने सागर कन्या जहाजावरून दक्षिणी महासागराची पहिली भारतीय सफर काढली. पुण्या-गोव्याचे हे आकडे संख्येने थोडे असले तरी ज्या पट्ट्यात कोणी सहसा जात नाही तिथले आहेत, आणि म्हणूनच जपून ठेवण्याजोगे.

एवढ्या दूरच्या हवेची इतकी काळजी कशाला, याचे उत्तर २०१३ च्या एका कागदात आहे. माणसाने केलेल्या प्रदूषणाने ढग किती बदलले हे मोजायचे तर आधीचे ढग कसे होते हे माहीत हवे. केन कार्सलॉ आणि सहकाऱ्यांनी हिशेब केला की १७५० पासूनच्या या बदलाच्या अंदाजात जी अनिश्चितता आहे, तिचा सुमारे ४५ टक्के वाटा नैसर्गिक कणांचा आहे, आणि माणसाच्या उत्सर्जनाचा ३४ टक्के. १७५० मध्ये ढगबीजे कोणीच मोजली नव्हती. तेव्हाच्या हवेसारखी हवा आज जिथे अधूनमधून तरी सापडते अशी सर्वांत मोठी जागा म्हणजे दक्षिणी महासागर. म्हणून २०१६-१७ मध्ये अकादेमिक त्र्योश्निकोव जहाजाने अंटार्क्टिकाला पूर्ण प्रदक्षिणा घालत कण मोजले, आणि २०१८ मध्ये होबार्टहून उडणाऱ्या विमानाने थेट ढगांत शिरून मोजले.

अशाच आणखी एका मोजणीत एक जुना कागद पुन्हा वर आला. १९७३ साली कीथ बिग यांनी दक्षिणी समुद्रांवरच्या हिमकेंद्रकांचे आकडे प्रसिद्ध केले होते. हिमकेंद्रक म्हणजे शून्याखाली अजून पाणीच राहिलेल्या थेंबाला गोठवणारा विशेष कण. असे कण धुळीत भरपूर, समुद्री हवेत दुर्मीळ. चाळीस वर्षे हवामानाची संगणकीय प्रारूपे तपासायला बिग यांचेच आकडे हाताशी होते. २०१६ मध्ये इन्व्हेस्टिगेटर जहाजावरून मॅकक्लस्की आणि सहकाऱ्यांनी पुन्हा मोजले, तर संख्या शंभर पटींपर्यंत कमी निघाली. मधल्या काळात हवा बदलली, की १९७० च्या आसपासच्या पद्धतीत, गाळण्या उघडताना-धुताना, बाहेरचे कण मिसळले, यावर एकमत झालेले नाही. मला दुसरी शक्यता जास्त वाटते. इतक्या विरळ संख्येत हाताच्या बोटाची धूळही मोठी होते. पण बिग यांनी पद्धत आणि जागा नीट लिहून ठेवल्यामुळेच आज ही शंका घेता येते.

फरक निव्वळ पुस्तकी नाही. २०१० साली ट्रेनबर्थ आणि फासुलो यांनी दाखवले होते की हवामानाची प्रारूपे दक्षिणी महासागरात वाजवीपेक्षा जास्त ऊन शिरू देतात. त्यांतले ढग लवकर गोठत, बर्फाचे होत आणि पातळ पडत. प्रत्यक्षातले ढग शून्याखालीही पाण्याचेच राहतात आणि जास्त प्रकाश परतवतात. प्रारूपांत हे सुधारल्यावर दुसरी गोष्ट पुढे आली. पूर्वीच्या प्रारूपांत तापमान वाढले की ढगांतला बर्फ पाणी होई आणि ढग अधिक शुभ्र होत; हा लगाम तापवाढ थोडी रोखत असे. मुळात बर्फच कमी असेल तर लगामही ढिला. २०२० मध्ये झेलिंका यांनी केलेल्या तुलनेत नव्या प्रारूपांपैकी अनेकांची तापवाढ जुन्यांपेक्षा जास्त आली, आणि त्याचे मोठे कारण याच अक्षांशांवरचे ढग होते. त्या ढगांत बर्फ किती धरायचा हे हिमकेंद्रकांच्या संख्येवर ठरते, आणि बिग व मॅकक्लस्की यांच्या आकड्यांमधला शंभर पटींचा फरक अजून मिटायचा आहे.